अठ्ठावन्न किलो आणि मागची दोन चाकं

आत्याने बावीस वर्षं शववाहिनी चालवली आणि त्या बावीस वर्षांत एकाही प्रवाशाने तिच्या चालवण्याबद्दल ब्र काढला नाही. मागून कोणी हॉर्न मारला नाही, कोणी कट मारला नाही, कोणी काच खाली करून आईबाप काढले नाहीत. चौकात लोक बाजूला होऊन खाली मान घालायचे. काटा कधी पंचवीसच्या पुढे गेला नाही. निवृत्तीच्या दिवशी कचेरीने तिला भिंतीवरचं घड्याळ दिलं, म्हणजे ज्या बाईला बावीस वर्षांत कुठल्याच प्रवाशाने 'उशीर झाला' म्हणून हटकलं नव्हतं तिला.

घड्याळ तिने स्वयंपाकघरात लावलं आणि दुसऱ्याच आठवड्यात दोन माणसांची, जर्द पिवळी, जुनी स्पोर्ट्स कार घरी आणली.

गाडी मुळातच बुटकी होती. आत्याने तिच्या चारही स्प्रिंगा काढून आखूड आणि कडक स्प्रिंगा बसवल्या आणि तिला आणखी चार बोटं खाली आणली. आता शेजारचं मांजर गाडीखालून जाताना शेपूट खाली घ्यायचं. दादा, म्हणजे आत्याचे थोरले भाऊ, यांनी जन्मभर गवंडीकाम केलेलं. त्यांनी गाडीला एक प्रदक्षिणा घातली आणि विचारलं की ही खड्ड्यात उभी आहे की हिची उंचीच एवढी आहे. आत्या म्हणाली की बावीस वर्षं उंचावर बसून सगळं बघून झालं, आता जमिनीजवळ बसायचंय.

"जमिनीजवळ जायची एवढी घाई कशाला," दादा म्हणाले. "वेळ आली की चौघं नेतात की."

तिला आत्या म्हणायला दादांच्या तीन मुलांनी सुरुवात केली. ती मुलं मोठी होऊन आपापल्या गावी गेली, पण तोवर गल्लीने शब्द उचलला होता. आता पोस्टमनही तिला आत्या म्हणायचा आणि तो तिच्याहून वर्षभराने मोठा होता.

भांडणाचं मूळ गाडीत नव्हतं, फाटकात होतं. फाटकाशी दादांनी स्वतःच्या हाताने एक उंचवटा बांधलेला होता. रस्त्यावरचं पाणी अंगणात येऊ नये म्हणून वीतभर उंच, घोटून गुळगुळीत केलेला, कोपऱ्यात सालाचा आकडा कोरलेला. जन्मभर दुसऱ्यांची घरं बांधलेल्या माणसाने स्वतःसाठी बांधलेली ती एकच गोष्ट. बाकीचं घर वडिलांनी बांधलं होतं आणि दादांच्या मते ते पूर्वेकडे अर्धा इंच कललेलं होतं. त्या उंचवट्यावरून पिवळी गाडी रोज दोनदा जायची आणि दोन्ही वेळा पोटाखालून खर्रर्र असा आवाज यायचा. तेव्हा दादा घरात कुठेही असले तरी हातातलं काम थांबवून डोळे मिटायचे. गाडीला किती लागलं हे आत्या बघायची आणि उंचवट्याला किती लागलं हे दादा. दोघं एकाच ठिकाणी, एकाच वेळी ओणवी होऊन बघायची आणि एकमेकांशी अवाक्षर बोलायची नाहीत.

दादांनी मूळच्या चार स्प्रिंगा पोत्यात बांधून आत्याच्या पलंगाखाली ठेवल्या होत्या. उद्या माणूस शुद्धीवर आलाच तर हाताशी असाव्यात म्हणून.

मग मागचे टायर गेले. बाहेरून बघावं तर कोरे करकरीत, आणि आतल्या कडेला हात घालावा तर तारा बोटाला टोचत. खाली आणलेल्या गाडीचं हेच असतं. मागची चाकं वरून आत कलतात, गुडघ्याला गुडघा लावून उभ्या राहिलेल्या पाहुण्यासारखी, आणि त्यात भर म्हणून त्यांची तोंडंही सरळ राहत नाहीत. कलण्याला कॅम्बर म्हणतात आणि तोंड कुठे आहे त्याला टो. आत्याच्या गाडीची मागची चाकं दोन वेगवेगळ्या गावांना निघाली होती.

नवे टायर घालून आत्या अलाइनमेंटच्या दुकानात गेली. दुकानदाराला सगळे डिग्री म्हणायचे, कारण तो कशाचंही उत्तर डिग्रीत द्यायचा, अगदी बायको बरी आहे का विचारलं तरी. डिग्रीने चाकांना आरसे लावले, पडद्यावर आकडे आणले आणि मागचे चारही चौकोन लालभडक झालेले दाखवले. कंपनीने दिलेला बोल्ट जेवढा फिरायचा तेवढा फिरून संपला होता. गाडी कंपनीच्या उंचीवर आणा, मग चौकोन हिरवे होतील, असं तो म्हणाला. आत्याने सांगितलं की चाकं धरणारे, लांबी कमीजास्त करता येणारे आर्म तिने आणलेत, ते लावू. डिग्री म्हणाला की तसले आर्म मशीनच्या यादीत नाहीत आणि जे यादीत नाही ते त्याच्या दृष्टीने जगात नाही.

"उंची वाढवा, आत्या. वयाला शोभेल अशी करा गाडी."

आत्याने लाल चौकोनांचा कागद घडी घालून खिशात ठेवला. "गाडी खाली राहील," ती म्हणाली. हे वाक्य ती त्या आठवड्यात इतक्यांदा म्हणाली की शेवटी शेवटी घरी 'चहा घेणार का' याचंही तेच उत्तर यायला लागलं.

कागद तिने फ्रिजवर चिकटवला आणि तिथेच तिचं चुकलं. दादांनी तो वाचला. सोमवारी गाडीची सरकारी तपासणी होती, परवाना पुढे चालू राहण्यासाठी. तपासणी केंद्रात जमिनीत एक लोखंडी पट्टी बसवलेली असते. गाडी तिच्यावरून सावकाश न्यायची. चाकं वाकडी असतील तर पट्टी बाजूला सरकते आणि दिवा लाल होतो. दादांनी जेवताना विषय काढला, तोही असा की जणू हवापाण्याबद्दल बोलताहेत. दिवा लाल झाला तर पलंगाखालचं पोतं सोडायचं आणि स्प्रिंगा परत बसवायच्या, गाडी माणसांत आणायची.

"आणि हिरवा झाला तर?" आत्याने विचारलं.

दादांनी भाजी वाढून घेतली. त्यांना उत्तराची गरज पडेल असं वाटलं नव्हतं.

"हिरवा झाला तर तू फाटकातला उंचवटा फोडायचा," आत्या म्हणाली. "तुझ्याच हाताने."

दादांच्या बायकोच्या, म्हणजे वहिनींच्या, हातातला चमचा खाली पडला. घड्याळाची टिकटिक ऐकू आली, इतकी की ते पाच मिनिटं मागे आहे हेही तेव्हाच सगळ्यांच्या लक्षात आलं. दादा बराच वेळ चावत राहिले आणि मग म्हणाले की ठीक आहे. एवढं बोलून ते उठले आणि अंगणात जाऊन उंचवट्यावर बसले, आजारी माणसाच्या उशाशी बसावं तसे.

शनिवारी सकाळी आत्याने अंगणात गाडी उभी केली, दोन्ही बाजूंना दोरी ताणली आणि हातात स्टीलची फुटपट्टी घेतली. मशीन नव्हतं तेव्हाही लोक गाड्या सरळ चालवतच होते. गाडीच्या मध्यरेषेला समांतर दोरी धरायची आणि रिमच्या पुढच्या कडेपासून दोरी किती लांब, मागच्या कडेपासून किती लांब, ते मोजायचं. पुढचं अंतर दीड मिलिमीटरने जास्त आलं की चाक किंचित आत बघतंय, म्हणजे गाडीची शेपटी रस्ता सोडणार नाही. गणित चौथीतलं होतं. फक्त ते पोटावर झोपून सोडवायचं होतं.

दादा खिडकीतून बघत होते. ते मदत करणार नव्हते. हे त्यांनी वहिनींना दोनदा सांगितलं, पहिल्यांदा कोणी न विचारता आणि दुसऱ्यांदाही कोणी न विचारता. पण आत्याने दोरी ज्या दोन खुर्च्यांना बांधली त्यांतली एक लंगडत होती, आणि अंगण फाटकाकडे उतरतं होतं, आणि आत्या या असल्या उतरत्या जमिनीवर कॅम्बर मोजायला निघाली होती. दादा खिडकीतून बाजूला झाले. परत आले. पुन्हा बाजूला झाले. शेवटी ओळंबा, पाण्याची लेव्हलनळी आणि चेहऱ्यावर कमालीचा तुच्छभाव घेऊन बाहेर आले.

"तू हरणार आहेस," ते म्हणाले. "पण माझ्या अंगणात वाकडं हरायचं नाही."

त्यांनी नळीत पाणी भरलं, चारही चाकांपाशी पातळी बघितली आणि विटांचे चार चौथरे रचले. एक एक चाक जॅकने उचलून त्यावर ठेवायचं, म्हणजे गाडी चाकांवरच उभी राहणार पण खाली शिरून पाना चालवता येणार. मागच्या चौथऱ्यांवर त्यांनी उरलेल्या दोन दोन फरश्या ठेवल्या आणि मध्ये ग्रीस चोपडलं, बोल्ट फिरवला की चाकाला अडखळल्याशिवाय सरकता यावं म्हणून. ही युक्ती त्यांना कुणी सांगितली नव्हती. जन्मभर फरश्या बसवताना त्या सरकू नयेत म्हणून झटलेल्या माणसाला त्या कशाने सरकतात हे बरोबर ठाऊक असतं.

मग प्रश्न आला वजनाचा.

स्पोर्ट्स कारची चाकं लावताना चालकाच्या जागी चालकाच्या वजनाचं काहीतरी ठेवावं लागतं. साध्या गाडीला फरक पडत नाही. पण एवढ्या खाली आणलेल्या गाडीत आर्म आधीच तिरके झालेले असतात. आत बसणाऱ्याने ती बोटभर दबली की त्या बाजूचं मागचं चाक लगेच तोंड फिरवतं, आत्याच्या गाडीत बाहेरच्या बाजूला. रिकाम्या गाडीवर दिवसभर घाम गाळून सरळ केलेलं चाक मालक आत बसला की वाकडं. दादांना हे एका झटक्यात पटलं. घर बांधतानाही स्लॅबवर काय ठेवणार ते आधी विचारावं लागतं. त्यांनी वाळूची पोती काढली, वजनकाटा लावला आणि पेन्सिल कानावरून काढून विचारलं, "तुझं वजन?"

"अठ्ठावन्न," आत्या म्हणाली.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. या घरात माणसाचं वजन एकदाच ठरतं, नावासारखं. पहिल्यांदा कोणी अर्जावर विचारलं की जे असेल ते लिहायचं, आणि मग ते आयुष्यभर बदलायचं नाही. वडील शेवटपर्यंत साठ किलो होते, खुर्ची मोडली त्या दिवशीही. दादा सहासष्ट होते. आत्या अठ्ठावन्न होती, लायसन्सवर तसं छापलंच होतं. वहिनी शिवणकाम करायच्या आणि आत्याच्या नोकरीच्या कोटाची मापं बावीस वर्षं त्याच घेत आल्या होत्या. टेप कुठून कुठे पोचली ते त्यांना माहीत होतं. पण शिंप्याने आणि डॉक्टरने तोंड उघडायचं नसतं. त्या आत जाऊन मशीनवर बसल्या आणि कापड नसताना पायडल मारू लागल्या.

दादांनी अठ्ठावन्न किलो वाळू मोजली. शेवटची मूठ तर त्यांनी दोनदा टाकली आणि दोनदा काढली. पोती चालकाच्या जागी नीट बसवून त्यांना पट्टा लावला. आत्याने आपला जुना कोट उन्हाने सीट तापू नये म्हणून त्यावर टाकला. थोड्या वेळाने पोस्टमन आला, पोत्यांना "काय आत्या, कसं काय" म्हणाला, पत्रं खिडकीतून त्यांच्या मांडीवर ठेवली आणि निघून गेला. उत्तर आलं नाही याचं त्याला काही वाटलं नाही. आत्याचं गाडीवरून बिनसलंय हे गल्लीला माहीत होतं.

आत्या गाडीखाली शिरायला गेली आणि अडकली.

दादांनी चौथऱ्यांची उंची विचारपूर्वक धरली होती. अठ्ठावन्न किलोचा माणूस पाठीवर झोपून आरामात आत सरकेल, वर पाना फिरवायला जागा राहील. आत्या खांद्यापर्यंत गेली आणि तिथे विषय संपला. आतून पायडलचा आवाज थांबला.

"आणखी दोन थर लाव," गाडीखालून आवाज आला. "विटा बारीक आहेत तुझ्या."

जन्मभरात विटांबद्दल असं बोललेलं दादांनी कोणाचं ऐकून घेतलं नव्हतं. त्यांनी तोंड उघडलं, गाडीबाहेर उरलेल्या बाकीच्या आत्याकडे बघितलं आणि तोंड मिटलं. मग पायांना धरून बहिणीला बाहेर ओढलं आणि दोन थर लावले.

दुपारभर काम चाललं. मागचे जुने आर्म काढताना एक बोल्ट इतका गंजलेला निघाला की आत्याने त्याला नोकरीतले सगळे शब्द ऐकवले. तिच्या नोकरीत बोलायला कोणी नसायचं, त्यामुळे ते शब्द कोरे होते. नवे आर्म बसले. दादा ओळंबा सोडून रिमच्या वरच्या आणि खालच्या कडेचं अंतर वाचायचे, आत्या पाव फेरा फिरवायची, दादा पुन्हा वाचायचे. कॅम्बर दोन्हीकडे सारखा आला. मग दोरीवर टो लावला. दीड आणि दीड. दादांनी आकडा तीनदा बघितला आणि शेवटी त्यांच्या तोंडून "झकास" असं निसटलं, ते त्यांनी खोकल्यात दडवलं.

गाडी खाली उतरवली, पोती काढली, आत्या फेरी मारायला गेली आणि दहा मिनिटांत परत आली. फाटकातला खर्रर्र आवाज झाला. ती उतरली नाही.

शेपटी चालकाच्या बाजूला ओढत होती.

दादांना हे झोंबलं. दोरी त्यांची, पातळी त्यांची, ओळंबा त्यांच्या वडिलांचा. गाडी पुन्हा चौथऱ्यांवर गेली. दादा म्हणाले की तू आत बसूनच राहा, मी मोजतो. आत्या बसून राहिली. दादांनी मोजलं. चालकाच्या बाजूचं चाक दीड मिलिमीटर आत बघायचं ते एक मिलिमीटर बाहेर बघत होतं. ते सरळ झाले आणि गाडीच्या काचेतून बहिणीकडे बघितलं. बहीण समोर बघत होती, बावीस वर्षं बघत आली तशी, दोन्ही हात स्टिअरिंगवर, चेहऱ्यावर अत्यंत गंभीर दुःख.

दादांनी कागदी चिकटपट्टीचा तुकडा चाकाच्या वरच्या पत्र्याला लावला, चाकाच्या मध्यापासून पत्र्याच्या कडेपर्यंतचं अंतर मोजून त्यावर पेन्सिलीने खूण केली आणि आत्याला उतरायला सांगितलं. मग सीटवर अठ्ठावन्न किलोची पोती परत ठेवली. खूण जुळली नाही, गाडी बोटभर वर राहिली. दादा घमेलं घेऊन आले आणि वाळू घालू लागले. एक घमेलं. मोजलं. आणखी एक. मोजलं. तिसरं अर्धं. घालण्यापूर्वी प्रत्येक घमेलं ते काट्यावर ठेवत होते, पण आकडा दिसू नये म्हणून काट्यासमोर स्वतः उभे राहत होते. आत्या विहिरीत काहीतरी पडल्यासारखी दुसरीकडेच बघत होती. अंगणात विहीर नव्हती.

खूण जुळली. दादांनी कागदावर काहीतरी लिहिलं, घडी घातली आणि कागद खिशात टाकला.

"वाळू ओली आहे," ते म्हणाले. "ओली वाळू जरा वेगळी भरते."

"भरते ना," आत्या म्हणाली.

हरवायला बसलेल्या भावाने हातात आलेला हुकमाचा पत्ता का टाकला नाही, हे आत्याला त्या संध्याकाळी कळलं नाही. तिला त्याचा रागच आला. शत्रूने शत्रूसारखं वागावं. नव्या वाळूवर टो पुन्हा लावला, दीड आणि दीड, आणि या वेळी आत्या फेरी मारून आली तेव्हा गाडी दोरीत ओवल्यासारखी चालत होती. मोकळ्या रस्त्यावर तिने हात सोडून बघितले होते. गाडीने मान हलवली नाही.

सोमवारी तपासणी केंद्रात रांग होती. मालवाहू टेम्पो, दोन टॅक्स्या, शाळेची बस, आणि त्यांच्यामध्ये आत्याची पिवळी गाडी, टेबलाखाली शिरलेल्या मुलासारखी. दादा सोबत आले होते. हरलेलं आपल्या डोळ्यांनी बघायचं म्हणून आलोय, असं त्यांनी सांगितलं. गाडीत शिरायला त्यांना दोन मिनिटं लागली आणि उतरायला बसवाल्याची मदत.

तपासणारे साहेब टेबलापाशी बसले होते. त्यांच्याकडे लाकडाचा एक ठोकळा होता. तो गाडीखालून गेला तर उंची मान्य. ठोकळा गेला, मात्र जाताना आवाज करून गेला. साहेबांनी ठोकळ्याकडे आणि मग गाडीकडे संशयाने बघितलं, पण गेला तो गेला. दिवे झाले, ब्रेक झाले. मग साहेबांनी हाताने खूण केली आणि केंद्राचा चालक पट्टीवरून गाडी न्यायला पुढे आला.

चालक काडीसारखा होता. त्याच्या पट्ट्याला स्वतः पाडलेली चार जादा भोकं होती. तो गाडीत बसला तेव्हा गाडी दबलीच नाही, उलट जरा सुटल्यासारखी वाटली. आत्याने दादांकडे बघितलं. दादा मागच्या चाकाकडे बघत होते, आणि त्यांच्या तोंडावर आनंद नव्हता. कोणी चांगला प्लॅस्टर केलेला कोपरा लाथ मारून तोडला तर जसा चेहरा होईल तसा होता.

गाडी सावकाश पट्टीवर गेली. पट्टी सरकली. दिवा लाल झाला.

"नापास," साहेब म्हणाले आणि शिक्का उचलला. नियमाने एक फेरी आणखी मिळते, हे आत्याला माहीत होतं, तिने नियमांची पुस्तिका दोनदा वाचली होती. ती म्हणाली की दुसरी फेरी हवी आणि ती गाडी स्वतः चालवणार. साहेबांनी शिक्का हवेतच धरला. केंद्रात गाडी केंद्राचा चालक चालवतो, ते म्हणाले. मालकाला चालवायची असेल तर कारण लागतं आणि ते नोंदवावं लागतं. त्यांनी अर्ज पुढे ओढला.

"काय कारण लिहू?"

"ही गाडी माझ्या वजनाला लावलीय. तुमच्या माणसाच्या नाही."

साहेबांनी आत्याचं लायसन्स उघडलं. "अठ्ठावन्न," त्यांनी वाचलं. मग चालकाकडे बघितलं. चालक छप्पन्न होता. "दोन किलोसाठी?"

रांगेतले सगळे उतरून पुढे आले होते. टेम्पोवाला, टॅक्सीवाले, शाळेच्या बसचा ड्रायव्हर. दादा मागे उभे होते, शर्टाच्या खिशात घडी घातलेला कागद. त्यांनी नुसता तो कागद साहेबांसमोर ठेवला असता तरी काम झालं असतं. त्यांचा हात खिशाकडे गेलाही. आत्याने तो वाटेतच धरला आणि खाली केला.

"एक्क्याऐंशी," ती म्हणाली. रांगेच्या शेवटापर्यंत पोचेल अशा आवाजात. बावीस वर्षं तिने गाडीत आवाज वापरला नव्हता, तो सगळा शिल्लक होता. "लिहा. एक्क्याऐंशी किलो."

"इथे तर अठ्ठावन्न..."

"ते खोटं आहे. छापलं तेव्हाही खोटं होतं. लिहा."

टेम्पोवाल्याने पोट आत ओढलं. साहेबांनी बाईकडे बघितलं, गाडीकडे बघितलं, आणि पेन उघडून लिहिलं. कारणाच्या रकान्यात त्यांनी 'चालकाचे वजन' असं लिहिलं आणि आकडा घातला. मग सवयीने पुढे विचारलं की सोबतच्या गृहस्थांचं काय.

दादांना कोणी काही विचारलेलं नव्हतं, निदान अर्जाला त्याची गरज नव्हती. तरी ते खाकरले.

"पंच्याण्णव," ते म्हणाले आणि जमिनीकडे बघत राहिले. "लिहून ठेवा पाहिजे तर."

आत्या गाडीत बसली. पिवळी गाडी बोटभर दबली, तिला हवी तेवढीच. आत्याने ती पट्टीवर घेतली ती पंचवीसच्या कितीतरी खाली, त्याच जुन्या चालीने, जिला कोणी कधी नाव ठेवलं नव्हतं. पुढची चाकं गेली. मागची गेली. पट्टी जागची हलली नाही.

हिरवा.

घरी आल्यावर दादांनी आत्याला गाडी फाटकाबाहेरच थांबवायला सांगितली, उतरले (या वेळी एकट्याने, बराच वेळ लावून) आणि छिन्नी-हातोडा घेऊन आले. सालाचा आकडा कोरलेला कोपरा त्यांनी आधी अखंड सोडवून बाजूला ठेवला. बाकीचा उंचवटा तासाभरात फुटला. वहिनी पायरीवर बसून बघत होत्या. एकदा त्यांनी "वन्सं, चहा टाकू का?" असं विचारलं आणि आत्याने हो म्हटलं, तेव्हा सगळ्यांना जरा चुकल्यासारखं वाटलं.

पण दादा नुसतं फोडून थांबले नाहीत. पाणी आत येऊन चालणार नव्हतंच. त्यांनी नळी लावून नवा उतार आखला, लांब आणि मंद, आणि आत्याला गाडीत बसून तीनदा पुढेमागे करायला लावलं आणि पोटाखाली दोन बोटं जागा राहते का ते स्वतः झोपून बघितलं. सिमेंट कालवायला वाळू कमी पडली तेव्हा त्यांनी शनिवारी सीटवरून काढलेली पोती आणली आणि ओतली. सगळी लागली. एक मूठही उरली नाही.

थापीने वरचा थर घोटून झाला. दादांनी सवयीने कोपऱ्यात सालाचा आकडा कोरायला खिळा काढला. आत्याने तो त्यांच्या हातून घेतला, ओल्या सिमेंटच्या कडेला गुडघे टेकले आणि मोठ्या, ठसठशीत अक्षरांत '८१' लिहिलं. दादांनी वाकून बघितलं.

"एकाचा दांडा तिरपा आलाय," ते म्हणाले.

"तो तसाच राहील," आत्या म्हणाली.

घराचा नंबर चौदा आहे. पण पोस्टमन आता एक्क्याऐंशी नंबरची पत्रंही तिथेच टाकतो, आणि आत्याने त्याला अजून हटकलेलं नाही.